सतरा नंबरची पेटी

पिंपळवंडी
सोमवार, ६ मार्च २००६

साळूमावशी,

मला आठ दिस झोप न्हाई. हर्षालीमुळं न्हाई. तिला दात येत्यात, पण ती झोपती. मला झोप न्हाई ती तुझ्या फोटोमुळं. शेडच्या गेटवर वॉचमनच्या खिडकीला तुझा फोटो डकवलाय. आपल्या ओळखपत्रावरचाच, पण मोठा केलेला. खाली लिवलंय, ह्या बाईला आत सोडू नये. तू त्यात हसतीस. फोटोवाला तवा तुला म्हणला व्हता, "आजी, जरा हसा की, पोलिसात न्हेतोय का तुमाला!" अन् तू खरंच हसलीस. आता सकाळी आत जाताना ते हसणं बघायचं अन् सुट्टी झाल्यावर परत बघायचं. डोळे मिटले की तेच पुढं येतं.

तुला वाचता येत न्हाई, मला म्हाईत हाय. म्हंजी हे दुसरं कोणतरी वाचणार. ताई असतील का दादा असतील, मला ठावं न्हाई. जे कोण असंल त्यांनी मावशीच्या डाव्या बाजूला बसा, उजव्या कानानं तिला कमी ऐकू येतं. माझं शिक्षण सातवी नापास हाय, तवा अक्षराला हसू नका.

तुमाला यातलं काय म्हाईत नसंल म्हणून सांगते. मी इंद्रायणी. मावशी माझी सख्खी मावशी न्हाई, माझ्या आईची मैत्रीण. आमी दोघी नारायणगावच्या बाहेर हायवेला द्राक्षाच्या शेडवर कामाला. मावशीला तिथं अकरा सीझन झालं, मला दोन. तिनंच मला लावलं. घड देठाला धरायचा, दाण्याला बोट लावायचं न्हाई, लावलं तर वरची पांढरी लव पुसती अन् माल परत येतो, हे तिनंच शिकवलं. प्रत्येक बाईला नंबर असतो. मावशीचा सतरा, माझा एक्केचाळीस. नंबराच्या स्टिकरचा रोल आपापल्या टेबलाच्या खिळ्याला लटकवलेला असतो. पेटी भरली की आपला नंबर डकवायचा. मंग पेटी हॉलंडात जाऊन उघडली तरी कळतं की कुणी भरली.

तर हॉलंडात एका पेटीत द्राक्षाच्या खाली लेकराची मनगटी निघाली. काळ्या मण्यांची, हातातली. पेटीवर नंबर सतरा. तिथल्यांनी फोटो पाठवून इचारलं, तुमच्या शेडमधी लेकरं असत्यात का? असतील तर माल बंद. म्हणून मावशीला काढलं.

मनगटी कुणाची ते मला म्हाईत न्हाई. शेडवर साठ बाया, लेकरं सगळ्यांच्याच घरी.

मावशी, तू रिंकूभाभींवर राग धरू नको. त्यांनाबी लई वाईट वाटलं. त्या दिवशी त्यांनी डबा खाल्ला न्हाई. शेडचं सगळं त्यांच्याकडं असलं तरी वर सासरा हाय, रमणलालशेठ, त्यो इचारणारच ना. भाभींनी आपल्यासाठी काय काय केलंय ते तुला म्हाईत हाय, मी हितं लिवत न्हाई.

तू जावयाच्या घरी हायेस, कशी राहतीस, काय खातीस? कुशाबाईची लेक तुमच्या अवसरीतच दिलीय, कुशाबाई मंगळवारी सुट्टीला येती. तिच्यापाशी हे देते. उलटा निरोप धाड.

तुझी
इंदी


सोमवार, २० मार्च

मावशी,

कुशाबाईनं निरोप सांगितला. तू म्हणलीस, "तिला म्हणावं पत्र नको धाडू. दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना उठून जावंसं वाटतं, अन् गुडघं उठू देत न्हाईत." कुशाबाई हसत हसत सांगत व्हती. मला हसू आलं न्हाई.

तरी लिवते. कारण तू दुसरंबी इचारलंस. तुला काढायला जो कागद केला त्याच्यावर सह्या कुणाकुणाच्या हायेत, असं इचारलंस म्हणं. कुशाबाईला म्हाईत न्हाई. एकच सही हाय. माझी.

आता उठून जाऊ नको.

कागदावर असं लिवलंय की साळुबाई आपल्या नातीला, अश्विनीला, कामाच्या टायमाला आत घेऊन येत व्हती, मी डोळ्यानं बघितलं. अश्विनी तुझ्याकडं राहायला आलेली तवा एकदा शेडवर आली व्हती, तुझी इसरलेली भाकर घेऊन, अन् वॉचमननं तिला गेटाबाहेरच उभी केली. मला म्हाईत हाय. मी तिच्या हातातनं भाकर घेऊन तुला आणून दिली व्हती. तरी सही केली.

कशी केली ते सांगते. भाभींनी मला हापिसात बोलावलं, खुर्चीवर बसवलं, च्या सांगितला. म्हणल्या, "इंद्रा, दोन वर्षांत मी तुझ्याकडे कधी काही मागितलं का?"

मी म्हणलं, "न्हाई भाभी."

"हे प्रकरण कोणाच्या तरी नावावर मिटलं नाही ना, तर ते लोक येऊन एकेक खोली उघडतील. मग मी झोळी कुठे लपवू, सांग. एक्केचाळीस नंबरला काढा म्हणतील. तुला काढताना माझा हात चालेल का?"

वाचणाऱ्या ताई, दादा, ही झोळीची गोष्ट बाहेर बोलू नका. रिकाम्या पुठ्ठ्यांच्या खोलीत हर्षालीची झोळी हाय. डिसेंबरात सीझन चालू झाला तवा ती सात म्हैन्याची व्हती. माझी सासू ठकूबाई सरळ म्हणली, "मी चार काढली अन् चार वाढवली. आता माझी हाडं मला वाढवू दे." माझे मालक आदेश तवा वाशीला टेम्पो घेऊन जायचे, दोन दोन दिस घरी न्हाई. मी भाभींना सांगायला गेले की काम सोडते. भाभी म्हणल्या, "सोडायचं कशाला? मला पण आरव आहे. लेकराला सोडून यायचं काय असतं मला कळत नाही का?" दुसऱ्या दिवशी त्यांनी सवता हूक बसवून घेतला अन् झोळीला आपली सुती साडी दिली. दर दोन तासांनी मला पाजायला सोडायच्या. कुणी तपासायला येणार असलं की हर्षालीला गाडीत घालून पेठेतल्या घरी, त्यांच्या सासूकडं. कंचनबाई तिला मुगाची खिचडी भरवत्यात, तोंड पुसत्यात. तापात भाभी सवता दवाखान्यात बसून राहिल्या. बाळंतपणाला गाडी त्यांचीच. आदेशला वाशीच्या फेऱ्यांतून काढून शेडच्या पिकपवर लावलं, म्हणल्या, "बाप रोज घरी दिसायला पाहिजे."

मावशी, माझी आई असती तरी तिनं येवढं केलं असतं का? भाभी वाईट असत्या तर बरं झालं असतं. सही करताना मी रडले असते, नको म्हणले असते. त्यांनी मला कधी वर आवाजानं हाक मारली न्हाई. मी च्या पिला अन् सही केली. च्यात विलायची व्हती.

इंदी


सोमवार, ३ एप्रिल

मावशी,

चष्मा लावतीस का अजून? लावू नको. तुझे डोळे चांगले हायेत.

आज मी सगळं लिवणार हाय, म्हणून उभ्या उभ्या लिवते, बसले तर परत थांबन.

जानेवारीत तुझ्या पेट्यांत खोट निघायला लागली. खराब दाणा राहिलेला, देठ लांब कापलेला. अकरा सीझनात तुझी पेटी कधी परत आली न्हाई, अन् आता रोज दोन दोन. तू टेबलावर डोळे पुसत बसायचीस. मला म्हणलीस, "इंदे, दिसत न्हाई का ग मला आता?" मी म्हणलं, "वय झालं मावशी, दाखवून ये." मी म्हणलं. ह्या तोंडानं. मंग तू नारायणगावच्या शिबिरात डोळे तपासून घेतलेस, त्यांनी चष्मा दिला, अन् तुला त्यानं उलट गरगरायला लागलं. सगळ्या बाया तुला हेडबाई म्हणून चिडवायच्या. तू नाकावर चष्मा घेऊन एकेक दाणा उन्हाकडं धरून बघायचीस. अन् तरी पेट्या परत यायच्या.

त्या पेट्या माझ्या व्हत्या.

मी पाजून पळत पळत यायची, मागं राहिलेलं भरून काढायला बिगीबिगी कापायची. झोप न्हाई, लक्ष न्हाई. माझ्या नंबरच्या सात पेट्या परत आल्या. नियम तुला म्हाईत हाय, दहा झाल्या की घरी. भाभी माझ्या टेबलापाशी आल्या अन् हळूच म्हणल्या, "साळुबाईचा रोल घे. रोज दोन-तीन पेट्यांना तिचा नंबर लाव."

मी म्हणलं, "भाभी, मावशीला कळलं तर?"

"अग, साळुबाईचं नाव एवढं मोठं आहे. तिला दहा पेट्यांनी काय फरक पडतो? माझ्याकडे रजिस्टर आहे, मी तिला काढणार आहे का? तुझी मात्र झोळी जाईल."

मला वाटलं, खरंच हाय. तुला काय फरक पडतो. मी तुझ्या खिळ्यावरनं सतरा नंबरचा रोल हातभर फाडून घ्यायची, तू पाणी प्यायला गेलीस की. तुला म्हाईत झालं असतं तर तू सवताच दिला असतास. हे मला आता कळतंय. तवा इचारायचं सुचलं न्हाई, कारण भाभींनी इचारून झालं व्हतं. वरच्या माणसानं कर म्हणल्यावर, त्यात माझ्या लेकराचं भलं म्हणल्यावर, मला त्यात चोरी दिसलीच न्हाई. भाभी नसत्या तर मी एक स्टिकर चोरला नसता. काम सोडून घरी बसले असते, आन् काय.

तुला ह्याची गंमत सांगते. शेडमधी दुसऱ्या कुणाला दिसलं नसंल का? कुशाबाईचं टेबल माझ्या शेजारी. तिनं दोनदा बघितलं अन् मान फिरवली. तिच्या लेकीच्या बाळंतपणात रक्त भाभींनी मिळवून दिलं व्हतं. पलीकडच्या टेबलावरचीला दुपारनंतर सुट्टी, तिचा सासरा अंथरुणाला खिळलाय म्हणून. भाभींनी प्रत्येकीचं काय तरी केलंय. म्हणून शेडमधी कुणाला काय दिसत न्हाई. साठ बाया, अन् चष्मा तुला लागला.

परवा मी भाभींना इचारलं. धीर करून इचारलं, "भाभी, साळूमावशीला परत घेता येईल का? पुढच्या सीझनला तरी?"

त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. खोटं न्हाई, खरंच आलं. म्हणल्या, "मला काय आनंद झाला का ग? अकरा वर्षांची बाई. पण दोघींतली एकच वाचत होती. तिची मुलं मोठी झाली, तुझं अंगावर पितं. मी आई म्हणून विचार केला, इंद्रा."

मी त्यांच्या पाया पडले. सवय.

आता पुढचं. गुरुवारी, तेरा तारखेला, पुण्याहून तपासणीवाले साहेब येणार हायेत, संगं त्या हॉलंडवाल्यांची एक बाई. मला उभी करणार, कारण कागद माझा हाय. भाभी रोज जेवणाच्या सुट्टीत माझ्याकडनं पाठ करून घेत्यात, शाळेतल्यासारखं.

"शेडमध्ये लहान मुलं येतात का?"

"न्हाई."

"नाही म्हण. मनगटी कोणाची होती?"

"साळुबाईच्या नातीची."

"तू पाहिलंस?"

"व्हय."

"हो. हो म्हण. आणि घाबरू नकोस. हर्षाली त्या दिवशी सासूबाईंजवळ असेल, मजेत खेळत असेल."

तुझी नात इथं ह्या कागदात हाय, अन् तिला म्हाईतबी न्हाई. कुशाबाई सांगत व्हती की तुझा जावई तुला टाकून बोलतो, माझ्या पोरीचं नाव कागदावर चढवलं म्हणून. ओतूरपासनं मंचरपर्यंत कुठलं शेड तुला घेत न्हाई, फोटो सगळीकडं गेलाय. तू कांद्याच्या खुरपणीला जातीस, ह्या वयात, त्या गुडघ्यांवर.

एक गोष्ट राहिली. ती आज लिवत न्हाई. हात दुखायला लागला.

इंदी


सोमवार, १० एप्रिल

मावशी,

हात दुखत नव्हता.

मनगटी हर्षालीची हाय. आठवड्यामागं लिवायचं टाळलं, कारण तुला ते म्हाईतच हाय. तुला पहिल्यापासनं म्हाईत व्हतं. बारशाला तूच ओवलीस, दोन हातांच्या दोन. काळे मणी कमी पडले तर तू आपल्या जुन्या मंगळसूत्रातली पोवळी काढलीस, काका गेल्यापासनं डब्यात ठेवलेली, अन् दोन्हीत एकेक घातलीस. "माझ्या नशिबात न्हाई राहिली, हिच्या हातात राहू दे," म्हणलीस. सासूनं नाक मुरडलं, म्हणली विधवेच्या पोतीतलं लेकराला कशाला. मी तरी घातली.

जानेवारीत एक दिस हर्षाली ती चघळत व्हती. पाजताना मी काढून घेतली अन् अॅप्रनच्या बाहीत खोचली, रबर असतं तिथं. कंटेनर दाराला लागलेला, सगळी घाई. त्या पेटीत हात घालून घड बसवताना ती बाहीतनं निसटली असणार. त्याच पेटीला मी सतरा नंबर लावला. घरी गेल्यावर बघितलं तर एकच हात भरलेला. मला वाटलं, झोळीत पडली असंल.

मंग हापिसात तो फोटो. शेठ, भाभी, तू अन् मी. कॉम्प्युटरवरनं काढलेला कागद, त्यात द्राक्षांवर ठेवलेली मनगटी, मधी लाल पोवळं. शेठनी तो तुझ्यापुढं धरला. तू चष्मा वर केलास अन् नुसत्या डोळ्यांनी बघितलंस. मंग माझ्याकडं बघितलंस.

शेठ म्हणले, "साळुबाई, ही पेटी तुमच्या नंबरची."

तू म्हणलीस, "नंबर माझा म्हणता तर पेटी माझी असंल, शेठ. मनगटी जिची हाय ती सांगंल."

अन् तू थांबलीस. मावशी, तू किती वेळ थांबलीस. पंखा कटकट करत व्हता. तुला दोन शब्दांत सुटता आलं असतं, इंदीच्या लेकीची हाय. तू म्हणली न्हाईस. माझी वाट बघितलीस. मी खाली फरशीकडं बघत राहिले, अन् भाभींनी माझ्या पाठीवर हात ठेवला. असा मायेनं ठेवला, की माझं तोंड मिटलं ते मिटलंच. मंग तू डोक्यावरची टोपी काढलीस, तिची नीट चौकोनी घडी केलीस, टेबलावर ठेवलीस अन् गेलीस. शिवी दिली असतीस तर मी आज झोपत असते.

काल मी आदेशला सांगितलं की गुरुवारी खरं बोलणार. त्यांना वाटलं मी चेष्टा करते. मंग म्हणले, "तुला येड लागलंय का? भाभीनं आपल्याला माणसात आणलं. त्या म्हातारीला काय, कुठंबी खुरपायला जाईल."

मी म्हणलं, "जातीच हाय."

"बोललीस तर माझी पिकप गेली. मंग हितं यायचं न्हाई. जा तुझ्या त्या भावाकडं. पोर हितंच राहील, सांगून ठेवतो."

आतनं सासू म्हणली, "आता बरी हाडं आली हिला सांभाळायला!" तिनं ते सवताबद्दलच म्हणलं अन् सवताच हसली. मला तिच्या हसण्याचं भ्या वाटलं. पोर ठेवून घेतील ही माणसं. मी न्हेली तरी मागं येऊन हिसकून न्हेतील.

आता मी काय करणार हाय ते ऐक. गुरुवारी सकाळी भाभी हर्षालीला पेठेत न्हेणार. ती दिसभर ना माझ्या सासूपाशी, ना आदेशपाशी. संध्याकाळी आदेश पिकपनं तिला आणायला जाणार. त्याच्या आधी माझा भाऊ जानकू तिथं गेला पायजे. कंचनबाईला मी बुधवारीच सांगून ठेवते, तिचा मामा येणार हाय, लेकराला जत्रेतलं खेळणं घेऊन देणार हाय. त्या सरळ देतील. त्यांच्या मनात कधी वाकडं येत न्हाई. त्या घरच्या चांगुलपणावर मी आणखी एक खोटं रचते हाय. शिकले ना मी आता.

भाभी हर्षालीला काय करतील असं मला वाटत न्हाई. त्या तिला दूध पाजतील, पावडर लावतील. त्याचंच भ्या वाटतं. माझी लेक त्यांच्या घरात त्यांच्या आरवच्या खेळण्यांशी खेळत असली, तर माझी जीभ उचलणार न्हाई. मी सवताला वळखते. मी न्हाईच्या जागी नाही म्हणंन, व्हयच्या जागी हो म्हणंन, अन् तुझ्या नातीचं नाव घेऊन घरी येईन.

म्हणून दुसरी मनगटी ह्या पाकिटात घातलीय. पोवळं बघ. दोनदा पाटाच्या पाण्यात टाकायला गेले व्हते, टाकली न्हाई. आता माझ्यापाशी नको. मी खरं बोलले की साहेब म्हणतील, कशावरनं. मी सांगंन, जोड साळुबाईपाशी हाय, तिला बोलवा. मंग त्या फोटोच्या खालनं त्यांनाच तुला आत न्ह्यावं लागंल. अन् मी पलटले, तर ही मनगटी अन् ही चारही पत्रं घेऊन तू पुण्याच्या साहेबाकडं जा. माझ्या हातची अक्षरं हायेत, मला नाकारता यायची न्हाईत. माफी मागत न्हाई. तुला परत दुसऱ्याच्या तोंडून ऐकावी लागंल.

आता वाचणाऱ्यांना सांगते. मावशी उठून गेली असंल तरी तुमी थांबू नका, इथनं पुढचं तुमच्यासाठीच हाय.

मला फोन करता येत न्हाई. गावात फोन हाय तो सासूच्या भाच्याच्या दुकानात, तिथं बोललेलं माझ्या आधी घरी पोचतं. शेडमधनं करू देणार न्हाईत. कुशाबाईला सांगावं तर ती भाभींना सांगंल, वाईट म्हणून न्हाई, उपकारापोटी. तिला वाटतं मी मावशीला ख्यालीखुशाली लिवते. ह्या पत्रात काय हाय ते तुमाला म्हाईत, दुसऱ्या कुणाला न्हाई.

जानकू घोडेगावला जीप चालवतो. स्टँडपाशी पंक्चरचं दुकान हाय, त्यांचा नंबर पाकिटाच्या आतल्या अंगाला लिवलाय. नुसतं जानकू म्हणू नका, तिथं दोन हायेत. चिमाजीचा जानकू म्हणा. त्यो माझ्यावर रागावलाय, बारशाला आदेशशी भांडून गेला तो परत आला न्हाई. जाताना मला म्हणला व्हता, "इंदे, ती बाई तुला फुकटात येवढं देती, एक दिस काय मागंल ते बघ." मी त्याला तोंड वर करून म्हणलं व्हतं, तुला माणसं वळखता येत न्हाईत. त्याला म्हणावं, मागितलं. तेवढं म्हणलं की त्यो येईल.

त्याला सांगा, गुरुवारी दहाला नारायणगावच्या पेठेत जा, रमणलालशेठच्या दुकानाच्या वर, कंचनबाईकडनं हर्षालीला घे. डावीकडच्या गालावर तीट असंल. मंग अकराच्या आत शेडच्या गेटासमोर, चिंचेखाली, तिला कडेवर घेऊन उभा राहा. आत यायचं न्हाई, हाक मारायची न्हाई. हापिसाच्या खिडकीतनं गेट दिसतं. मला ती दिसली की मी बोलंन.

न्हाई दिसली तर काय बोलंन ते मला पाठ हाय.

तुमी कोण हायेत मला म्हाईत न्हाई. मी तुमच्यासाठी कधी काय केलेलं न्हाई, अन् तुमी माझं काय लागत न्हाई, म्हणूनच तुमाला सांगते. पत्र खाली ठेवा अन् माझ्या भावाला फोन करा.

इंद्रायणी
नंबर एक्केचाळीस